गार्डाच्या पेटीतले कढण

झाशी, ३० एप्रिल १९४४

ती. काकू,

नमस्कार. तार आली नाही म्हणून तुमची काळजी थोडी कमी झाली असेल, तर ते योग्यच आहे. नीलकंठ शुद्धीवर आहे, बोलतो, थट्टाही करतो. पत्राला उशीर माझ्यामुळे झाला. भावाच्या आजाराबद्दल अर्धवट लिहू नये म्हणून थांबत गेले. थांबण्यातही दोष होता, हे आता लिहिताना दिसते.

आज तापाचा चौदावा दिवस. रेल्वेच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणतात, मुदतीचा ताप आहे, एकविसाव्या दिवशी उतरेल. औषधापेक्षा पोट सांभाळायचे. आतडी इतकी नाजूक झाली आहेत की भाताचे शीत गेले तरी जिवावर बेतेल. त्यामुळे मुगाचे कढण, तेही फडक्यातून गाळून, आणि ताकाची निवळ, एवढाच आहार.

हे कढण तुमची सूनबाई बकुळ करते, आणि ते ती कसे करते हे तुम्हाला सांगायला हवे. तिचे मला कौतुक वाटते. हे आधी लिहिते, कारण पुढे शंका लिहिणार आहे.

त्यांचे रेल्वे क्वार्टर तुम्ही पाहिले आहे. दोन खोल्या, आणि स्वयंपाकाचा कोपरा नीलकंठच्या खाटेपासून चार हातांवर. लढाईमुळे चांगला कोळसा मिळत नाही. जो मिळतो त्याचा धूर खोलीत भरतो, नीलकंठला खोकला येतो आणि खोकल्याने पोटात कळ उठते. कढण तर तास-दोन तास मंद शिजायला हवे. यावर बकुळने काय करावे? नीलकंठची जुनी गार्डाची पेटी होती, झेंड्या, कंदील, धुक्यात रुळावर लावायचे फटाके घेऊन जायची काळी लाकडी. वर पांढऱ्या अक्षरांत ‘एन. व्ही. मोडक’ लिहिलेली. तिच्यात तिने वाळके गवत ठासून भरले आणि मधोमध पातेल्याएवढे घरटे केले. सकाळी ती मूग, आले, जिरे, मीठ, चिमूटभर हिंग आणि पाणी चुलीवर पाव तास खळखळ उकळते. नीलकंठला त्या वेळी पुढच्या खोलीत दाराशी आरामखुर्चीवर निजवते. मग चूल विझवते, पातेले घट्ट झाकून घरट्यात ठेवते, वर गवताची गादी, वर पेटीचे झाकण. झाकणावर खडूने लिहिते, ‘सुटली ७.४०’. पुढे सहा तास विस्तव नाही, धूर नाही. मूग गवतातच शिजत राहतात. शेजारच्या ड्रायव्हरच्या मेमसाहेबांकडे तिने हे पाहिले होते म्हणे.

“ताई, कढण पॅसेंजर दोनला पोचते,” नीलकंठ म्हणाला. “झाशी डिव्हिजनमधली वेळेवर येणारी एकच गाडी.”

आज रविवार, म्हणून दोन वाजता मी तिथे होते. बकुळने पातेले काढले. मूग बोटाने दाबले की विरत होते, आणि गाळलेल्या कढणाची वाटी मला हातात धरवेना. असा सोनेरी, नितळ रंग मी चुलीवरच्या कढणालाही पाहिलेला नाही.

तरी आठ वाजता चूल विझलेले घर पाहण्याची मला सवय नाही. सकाळी उतरवलेले अन्न दुपारी आजाऱ्याला द्यावे का? ते शिळे म्हणायचे का? मला ठरवता येत नाही. तुमचे मत कळवा.

तुमची,
प्रमोदिनी

---

लष्कर, ग्वाल्हेर, ५ मे

चि. प्रमू,

आशीर्वाद. तुझं पत्र वामननं वाचून दाखवलं. मग मी चष्मा लावून परत वाचलं, कारण तो मधले शब्द गाळतो. स्वतःच्या आईला फसवायचं आणि वर म्हणायचं, तुझं वय झालं.

गवतात आंबे पिकवतात गं. कढण नाही.

शिळं का ताजं, हे शास्त्र मी काढत नाही. आजाऱ्याला शास्त्र नसतं. पण न ढवळता कढण होतं, हे सहासष्ट वर्षांत मी ऐकलं नाही. मूग खाली बसतात, वर पाणी राहतं, आणि ते पाणी पिऊन माणूस काय उठणार? तू बी.ए. झालीस म्हणून डोळे कुणाला देऊन टाकले नाहीस ना? शाळेला सुट्टी लागली की दिवसभर तिथं जाऊन बस. तासातासानं झाकण काढ, पळी फिरव, बघ. चव मात्र घेऊ नकोस. आजाऱ्याचं अन्न आपण उष्टं करायचं नाही. नाकानं ओळखायचं.

पोर वाईट आहे असं मी म्हणत नाही. झाशीतच जन्मली, अर्धं हिंदीत बोलते, लग्नात मला “जी काकूजी” म्हणाली तेव्हा मी इकडं तिकडं बघितलं, कुणाला म्हणते म्हणून. पण हात स्वच्छ आहेत तिचे. ते मी तेव्हाच पाहिलं.

तरी सांगून ठेवते. तुमची आई गेली तेव्हा नीलू चार वर्षांचा होता. त्याला मी वाढवलाय. काही बिघडलं तर मी येईन आणि त्याला इथं घेऊन येईन.

काकू

---

झाशी, १६ मे

ती. काकू,

ताप सात तारखेला, बरोबर एकविसाव्या दिवशी उतरला होता. ती आनंदाची बातमी लिहायला बसणार, तोच ही दुसरी लिहावी लागत आहे.

शुक्रवारी, बारा तारखेला, बकुळ सकाळी नऊला झोपली. रात्री ती जागते, दिवसा मी बसते, असे आम्ही ठरवले आहे. दोन वाजता तिला उठवायचे माझ्या जिवावर आले. पातेले मीच काढले, गाळले, नीलकंठला चमच्याने पाजले. तो म्हणाला, “ताई, आज लिंबू पिळलंस का?”

मी म्हणाले, “नाही रे. तुझ्या जिभेची चव गेली आहे.”

चार वाजता त्याला ओकारी झाली. दिवेलागणीला ताप एकशे तीन. मी उरलेले कढण हुंगून पाहिले. आंबले होते. हिंगाच्या आणि आल्याच्या वासाखाली ते दुपारी मला कळले नव्हते, आणि चव तर घ्यायची नव्हतीच.

डॉक्टर म्हणाले, हा ताप कधी कधी उलटतो, पण आंबलेले अन्न देणे म्हणजे त्याला बोलावणे पाठवणे. “किसने बनाया था?” त्यांनी विचारले. मी तोंड उघडण्याआधी बकुळ म्हणाली, “मैंने, डॉक्टर साहब.”

ती रडली नाही. रात्रभर त्याच्या कपाळावर पट्ट्या बदलत राहिली. सकाळी तिने गवत उपसून फेकले, पेटी सोड्याने धुतली, उन्हात वाळवली. मी म्हणाले, “बकुळ, आता ही पेटी बंद कर.”

“चुलीवर केलं तर धूर होतो, वन्सं. ह्यांचा खोकला सुरू झाला की मला बघवत नाही.”

“पण पेटीत ऊब राहत नाही, हे दिसलं ना?”

ती माझ्याकडे पाहून म्हणाली, “राहते. मी दुसरं गवत भरते.” आणि पुढे, “आता दोनला मला उठवत जा. गाळायचं मीच करेन.”

यात माझ्यावर अविश्वास असेल, तर त्याचा मला राग नाही. पण काकू, तुमच्या सांगण्याप्रमाणे मी आठ तारखेपासून रोज झाकण काढून ढवळत होते. शुक्रवारी तर सहा वेळा. इतके लक्ष देऊनही असे झाले, तेव्हा दोष पेटीतच असला पाहिजे.

आज ताप नव्याण्णव आहे. तो फार थकला आहे, हाताची बोटे हलवतानाही विचार करतो. पुढे काय करायचे ते तुम्ही ठरवा.

प्रमोदिनी

---

ग्वाल्हेर, २० मे

चि. प्रमू,

ठरवलं. मंगळवारी, ३० तारखेला, मी आणि वामन सकाळच्या गाडीनं येतो आणि दुपारच्या गाडीनं नीलूला घेऊन परत फिरतो. बाकावर गादी घालून निजवू. तीन तासांचा तर प्रवास. इथं अंगणात चूल आहे, धूर वर जातो, आणि मी आहे.

बकुळेला तिच्या भावाकडे सागरला पाठव. चार-सहा महिने राहू दे, मग बघू. मी कुणाला बोल लावत नाही. पण पोर माझ्या डोळ्यांसमोर बरा झाला पाहिजे, आणि एका चुलीवर दोन मतं नकोत.

तिला तू सांग. मला तिच्यासमोर ते बोलायला लावू नकोस.

काकू

---

झाशी, २२ मे

पूज्य काकूजी,

बकुळचा नमस्कार. माझं मराठी लिहिणं कच्चं आहे. आमच्याकडे घरात मराठी बोलतात, पण शाळा सगळी हिंदीत झाली. गलत लिहिलं तर हसून घ्या, पण पत्र पूर्ण वाचा.

वन्सं काल तुमची चिठ्ठी हातात घेऊन खूप वेळ नुसत्या बसल्या होत्या. सांगायचं होतं ते त्यांच्याच्यानं सांगवेना. मग मीच म्हटलं, द्या, मी वाचते.

मी सागरला जाईन. तुम्ही म्हणाल तितके दिवस राहीन, तक्रार करणार नाही. पण हे उठून चालायला लागले की जाईन, आत्ता नाही. आणि ह्यांना तीस तारखेला हलवू नका. डॉक्टर साहेबांनी तीन हफ्ते खाटेवरून उतरायलासुद्धा मना केलंय. मी आरामखुर्चीवर नेत होते, तेपण बंद केलंय. आता चूल मी मागच्या अंगणात विटा मांडून पेटवते, पाव तासापुरतीच. जास्त ठेवली तर धूर आतच येतो. गाडी सुटताना आणि थांबताना काय धक्का बसतो, ते गार्डच्या बायकोला विचारा. हे दहा-दहा तास गाडीच्या मागच्या ब्रेकच्या डब्यात उभे राहून आले की म्हणायचे, बकुळ, पोटातलं पाणी अजून हलतंय. तेव्हा तर तब्येत चांगली होती.

बारा तारखेचं कढण मी केलं होतं. पातेलं माझं, पेटी माझी, झोपले पण मीच. गलती माझी आहे. मला काय बोलायचं ते बोला.

वन्संना काही म्हणू नका. लक्ष्मी गेटच्या त्यांच्या घरापासून इतक्या उन्हात पायी येतात. सगळे टांगे लष्करवाले छावणीकडे नेतात, सवारी मिळत नाही. त्या येतात म्हणून मी झोपते. नाहीतर आतापर्यंत दुसरी खाट लावावी लागली असती.

ह्यांची भूक आता थोडी वाढलीय. काल वाटी पूर्ण घेतली. म्हणाले, काकूच्या हातचं आमसुलाचं सार कधी मिळेल? मी म्हटलं, आधी माझं तर संपवा.

तुमची सून,
बकुळ

---

झाशी, २५ मे

ती. काकू,

हे पत्र तुम्ही वामनकडून वाचून घेऊ नका. स्वतः वाचा.

परवा अकराच्या सुमारास मी पेटी उघडत होते. नीलकंठ खाटेवरून म्हणाला, “ताई, सील लावलेली मालगाडीची वाघीण वाटेत उघडली, तर गार्डची नोकरी जाते. ठाऊक आहे?”

“मी काही चोरत नाही.”

“माल गेला नाही तरी जाते. उघडली म्हणजे उघडली. आम्ही स्टेशनास्टेशनावर फक्त सील बघतो. आत बघायचं ते मुक्कामाला.” आणि डोळे मिटून हसला.

मलाही हसू आले. पण घरी गेल्यावर ते शब्द मनातून जाईनात. मी रोजनिशी काढली. तुम्हाला ठाऊक आहे, मी सगळे टिपून ठेवते. त्यातल्या काही ओळी तुमच्यासाठी उतरवते.

‘३० एप्रिल. दोनला उघडले. वाटी धरवेना.’ त्या दिवशी मी मध्ये झाकणाला हात लावला नव्हता. ‘८ मे. अकराला एकदा ढवळले. दोनला बरे गरम.’ ‘१० मे. तीनदा ढवळले. कोमट.’ ‘१२ मे. सहा वेळा. चौथ्या वेळेपासून वाफ नाही. मूग कच्चट.’

हे माझ्याच हातचे आहे, काकू. सातवीच्या मुलींना मी दर वर्षी फळ्यावर थर्मासची बाटली काढून दाखवते आणि विचारते, बूच वारंवार काढले तर चहाचे काय होईल? मुली हसतात, इतका तो प्रश्न सोपा असतो. मी तीच बाई. झाशीच्या मेमध्ये कोमट कढण तासन्‌तास ठेवून, वर त्यात पळी घालून घालून, ते मी आंबवले आणि माझ्या हाताने माझ्या भावाला पाजले.

मागच्या पत्रात मी खोटे लिहिले नव्हते. ‘सहा वेळा’ हेही लिहिले होते. पण ते माझ्या काळजीचा पुरावा म्हणून लिहिले, आणि दोष पेटीवर ठेवला, म्हणजे बकुळवर. खरी माहिती देऊन चुकीची समजूत करून देणे, याला काय म्हणायचे ते मला माहीत आहे.

आणि त्या मुलीने डॉक्टरांसमोर “मैंने” म्हटले. आठवडे झाले ती सलग रात्र झोपलेली नाही. तरी चादरीची घडी सरळ असते, वाटी घासलेली असते, आणि नीलकंठ कण्हला तर त्याचे कण्हणे पुरे व्हायच्या आत तिचा हात त्याच्या कपाळावर असतो. मी चार महिने नोंदी केल्या असत्या तरी मला जे सुचले नसते, ते तिने एका जुन्या पेटीत आणि पेंढीभर गवतात करून दाखवले. त्यात मी रोज हात घालत होते.

तिने तुम्हाला पत्र लिहिले आहे. माझ्याकडून पत्ता घेतला. काय लिहिले ते मी विचारले नाही.

माझी विनंती एकच. तीस तारखेला नीलकंठला हलवू नका. त्याला जे बाधले ते बकुळच्या घरात नव्हते, ते माझ्या हातात होते. काल आणि आज मी झाकणाला शिवले नाही.

प्रमोदिनी

---

ग्वाल्हेर, २८ मे

चि. प्रमू,

दोन दिवसांत दोन पत्रं. एक म्हणते चूक माझी, दुसरी म्हणते माझी. अगं, चूक काय रेशनवर आहे, की एकीनं घेतली तर दुसरीला उरणार नाही?

आणि तिसरी मी इथं बसलेय, तिला कुणी विचारतच नाही. ढवळायला सांगितलं कुणी? तासातासानं झाकण काढ म्हणून लिहिलं कुणी? चव घेऊ नकोस म्हणून वर दटावलं कुणी? ते पत्र फाडून टाक असं लिहिणार होते. पण तू फाडणार नाहीस. तिसरीतल्या वह्या अजून ठेवल्या आहेस तू.

मी येत नाही. वामननं रजा परत केली, साहेबानं लगेच घेतली म्हणून जरा हिरमुसलाय. नीलू तिथंच राहू दे. सागरचं नाव पुन्हा काढायचं नाही. तो शब्द माझ्या हातून गेला, तो मला सलतोय. ती लिहिते ‘जाईन, तक्रार करणार नाही’. वाचून मी देवघरात जाऊन बसले. रागानं भांडली असती तर बरं वाटलं असतं.

आता एक विचारते. तू हे सगळं मला लिहिलंस, साठ मैलांवर. तिला सांगितलंस का? मी तुला ओळखते. तू कागदावर स्वतःला फोडून काढशील, आणि तिच्यासमोर उभी राहिलीस की पदराला गाठ मारत बसशील. लहानपणी बरणी फोडलीस, तेव्हापण चिठ्ठी लिहून फडताळात ठेवली होतीस. सापडेपर्यंत मोलकरणीनं बोलणी खाल्ली.

चिठ्ठी चालायची नाही. तोंडानं सांग.

काकू

---

झाशी, ४ जून

ती. काकू,

तुमचे पत्र मंगळवारी मिळाले. तुम्ही येणार नाही, एवढे मी त्या दोघांना तेव्हाच सांगितले. बकुळने ऐकले, “अच्छा” म्हणाली, आणि आत जाऊन बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी दोनच होती.

माझे सांगणे मात्र राहिले. मंगळवारी जमले नाही, बुधवारीही नाही. बुधवारी तर मी पदराला खरेच गाठ मारली होती.

गुरुवारी सकाळी ती झाकणावर खडूने वेळ लिहीत होती. मी म्हणाले, “बकुळ, बारा तारखेचं कढण माझ्यामुळे आंबलं. मी सारखी पेटी उघडत होते. तू झोपलेली असताना.”

तिने ‘७.३५’ पुरते लिहिले. मग म्हणाली, “मालूम आहे, वन्सं.”

“कधीपासून?”

“दुसऱ्या दिवशी पेटी धुताना. गवत मी उजवीकडून दाबते. ते सगळीकडून उपसलेलं होतं, कोंबडी बसून गेल्यासारखं.”

“मग मी पुढेही उघडत होते. रोज. तू मला थांबवलं का नाहीस?”

आता तिला हसू आवरेना. तिने खाटेकडे पाहिले. नीलकंठ छताकडे पाहत होता, फार गंभीरपणे.

“त्यात कढण नव्हतंच, वन्सं. ती आपल्या दोघींची डाळ होती.”

“आणि कढण?”

“माझ्या खाटेखाली,” नीलकंठ म्हणाला. “टोपलीत, दोन गोधड्यांत गुंडाळून. तेरा तारखेपासून मी अंडी उबवल्यासारखा पडून आहे. मेमध्ये खालून शेक. कुणाला सांगायची सोय नाही.”

“तुलाही ठाऊक होतं!”

“गार्डला आपल्या गाडीत काय भरलंय ते ठाऊक असावंच लागतं.”

मी खुर्चीवर बसले. दहा-अकरा दिवस मी ज्या काळजीने ज्या डाळीवर पहारा केला, ती डाळ रोज जेवताना दाताखाली कचकच लागायची. बकुळ दमलेली आहे, तिला काय बोलायचे, म्हणून मी मुकाट खात होते. आणि ती मला खाताना पाहून तोंड फिरवायची, ते मी थकव्यामुळे समजत होते.

“बकुळ,” मी म्हणाले, “तू मला सरळ का सांगितलं नाहीस?”

ती माझ्याजवळ जमिनीवर बसली. “सांगितलं असतं तर तुम्ही स्वतःला इतकं बोलला असता की यायचंच बंद केलं असतं. तुम्ही तशाच आहात. मग मी झोपले कधी असते? ह्यांना रात्री कुणी बघितलं असतं?” मग म्हणाली, “राग आला होता. खोटं नाही सांगत. त्या रात्री खूप आला होता. पण रागापेक्षा मला झोप पाहिजे होती.”

काकू, इतके स्वच्छ उत्तर मला आजवर कोणी दिलेले नाही. मी क्षमा मागितली. ती म्हणाली, “ठीक आहे,” आणि उठली, कारण नीलकंठची औषधाची वेळ झाली होती. क्षमा केली की नाही, हे मी घरी येऊन रोजनिशीत दोन पाने भरून तपासत बसले. उत्तर मला शनिवारी संध्याकाळी मिळाले. मी निघताना ती म्हणाली, “उद्या कढण तुम्ही लावा. लवकर या. मी उठणार नाही.”

आज पहाटे पाचला मी लक्ष्मी गेटहून निघाले. अंगणात चूल पेटवली, मूग निवडले, धुतले, आले ठेचले. पाव तास घड्याळ समोर ठेवून उकळले. पातेले घरट्यात बसवले, उजवीकडून गवत दाबले, झाकण लावले. खडूने लिहिले, ‘सुटली ६.५०’. पुढचे सहा तास मी पेटीपासून दोन हातांवर बसून होते. नीलकंठने दोनदा विचारले, “ताई, जरा बघायचं का?” मी घड्याळाकडे बोट दाखवले. बकुळ दुसऱ्या खोलीत अशी झोपली होती की तिच्या श्वासाचा आवाजही येत नव्हता. एकदा मी जाऊन पाहून आले. तेवढेच एक झाकण मी आज उघडले.

एक वाजता पातेले काढले. वाफेने चष्मा धुरकटला. मूग विरले होते. गाळताना फडके दोनदा बदलावे लागले, इतके ते भाजत होते. आणि काकू, मी एक चमचा आधी स्वतः चाखला. तुम्हाला न विचारता. आंबूस नाही एवढेच पाहायचे होते. ते पाहिले आणि त्या आनंदात दुसरे काही पाहायचे सुचले नाही.

नीलकंठने पहिला घोट घेतला, थांबला, माझ्याकडे पाहिले. मग वाटी तोंडाला लावून संपवली आणि पुढे केली. “अजून आहे का?”

आजारी पडल्यापासून त्याने पहिल्यांदा मागून घेतले. मी अर्धी वाटी दिली. डॉक्टरांनी तेवढीच सांगितली आहे. उद्यापासून मऊ भाताचे पाणी द्यायला हरकत नाही, असेही ते म्हणाले आहेत.

बकुळ साडेचारला उठली. केस सुटलेले, गालावर चटईचे वळ, आणि चेहरा मी गेल्या दोन महिन्यांत पाहिला नव्हता असा. दारातच उभी राहून तिने विचारले, “कसं झालं कढण?”

“फर्स्ट क्लास,” नीलकंठ म्हणाला, आणि मला डोळा घातला.

मी म्हणाले, “बकुळ, मी मीठ विसरले.”

प्रमोदिनी